करार मोडला म्हणून कुणाला डेंग्यू होत नाही

पत्र (जरा छोटं करून देतेय):

काकू, जय ख्रिस्त. मी मूळची नगरची, लग्न होऊन वास्कोला आले. मिस्टर शिपवर असतात त्यामुळे वर्षातले बरेच महिने मी आणि मुलगी दोघीच. एकटं वाटायचं म्हणून कॉलनीतल्या एका प्रार्थना ग्रुपला जायला लागले. सुरुवातीला खूप बरं वाटलं. मग तिथल्या पास्टरांनी सगळ्यांकडून एका करारपत्रावर सह्या घेतल्या. दशांश (कमाईचा दहावा भाग) चुकवायचा नाही, शुक्रवारी उपास, मीटिंग बुडवायची नाही, शेजाऱ्यांच्या लादिनीला (कॅथलिकांच्या घरगुती प्रार्थनेला) किंवा गणेश चवथीला जायचं नाही आणि पास्टरांच्या शब्दाबाहेर जायचं नाही. जूनमध्ये मिस्टरांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, ते घरी होते, पगार बंद, त्यामुळे दोन महिने दशांश दिला नाही. ते परत जॉईन झाले आणि ऑगस्टमध्ये मुलीला डेंग्यू झाला, प्लेटलेट उतरल्या, ॲडमिट करावं लागलं. आता बरी आहे. पण पास्टर हॉस्पिटलात येऊन म्हणाले की तू देवाशी केलेला करार मोडलास म्हणून शाप लागला, त्यांनी बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाचा २८वा अध्याय वाचून दाखवला, आणि करार परत जोडायला मोठं अर्पण दे म्हणाले. मी सोन्याची पाटली दिली. मिस्टरांना अजून सांगितलं नाही. चवथीला शेजारच्या वहिनी नेवऱ्या (करंज्या) घेऊन आल्या तर मी आत असून दार उघडलं नाही. काकू, करार म्हणजे नक्की काय हो? नुसता विश्वास पुरतो की आज्ञा पाळल्या तरच देव आपला? आणि ग्रुप सोडला तर मी देवाला सोडलं असं होईल का?
एक बहीण, वास्को

उत्तर:

अगं बाय, डेंग्यू एडिस डासाने होतो. हे आधी डोक्यात पक्कं कर आणि मगच पुढचं वाच. हा डास दिवसा चावतो, साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि पावसाळ्यात आपल्याकडे गच्चीवरच्या ताडपत्रीत, जुन्या टायरात, कुंडीखालच्या ताटलीत असं पाणी असतंच. तुमच्या कॉलनीत त्याच महिन्यात आणखी कुणाकुणाला झाला ते जरा विचारून बघ, त्यात वेळेवर दशांश देणारे पण निघतील, नमाज पढणारे पण आणि कुठेच न जाणारे पण.

आता अनुवाद २८. तो अध्याय बायबलात आहे, त्यात आज्ञा मोडल्या तर ताप, दाह, दुष्काळ असं काय काय येईल त्याची भलीमोठी यादी आहे, हे मी नाकारत नाही. पण ती यादी कनान देशात शिरायच्या आधी मवाबाच्या मैदानात अख्ख्या इस्राएल लोकांना ऐकवलेली आहे, एका राष्ट्राने एकत्र कसं जगायचं याबद्दल. पोर सलाईनवर असताना तिच्या आईला ऐकवायला नाही. आणि शाप वाचायचेच असतील तर लेवीय २६ पण वाचा ना, तिथे तशीच यादी आहे, ती संपल्यावर ४४व्या वचनात देव म्हणतो की एवढं सगळं होऊनसुद्धा, हे लोक शत्रूच्या देशात पडलेले असतानासुद्धा, मी त्यांना टाकणार नाही आणि माझा करार मोडणार नाही. हे वचन हॉस्पिटलात वाचलं असतं तर तुझं काय बिघडलं असतं? पाटली मात्र मिळाली नसती.

येशूलाच लोकांनी हा प्रश्न विचारला होता, योहान ९ मध्ये, जन्मापासून आंधळा असलेल्या माणसाकडे बघून, की पाप कुणाचं, ह्याचं की आईबापाचं? तो म्हणाला दोघांचंही नाही. आणि लूक १३ मध्ये शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले त्यांच्याबद्दल तो म्हणतो की ते यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होते असं समजू नका. एवढं स्पष्ट लिहिलेलं असताना एखाद्याच्या आजारपणावर बोट ठेवून पाप शोधत बसणारा माणूस बायबल शिकवतो म्हणवून घेतो याचा मला खरंच राग येतो.

बरं, तुझा मुख्य प्रश्न. करार म्हणजे काय.

उत्पत्ति १५ काढून शांतपणे वाच, मोठा नाहीये अध्याय. अब्राहाम म्हातारा, तेव्हा त्याचं नाव अजून अब्राम आहे, मूलबाळ नाही. देव त्याला बाहेर नेऊन तारे दाखवतो आणि म्हणतो एवढी तुझी संतती होईल, आणि अब्राम विश्वास ठेवतो, आणि तेवढ्यावर देव त्याला नीतिमान धरतो. मग अब्राम विचारतो की हे खरं होईल कशावरून? यावर देव त्याला तीन वर्षांची कालवड आणायला सांगतो, तीन वर्षांची शेळी, तीन वर्षांचा एडका, एक होला आणि पारव्याचं पिल्लू. जनावरं मधोमध कापून अर्धं इकडे अर्धं तिकडे अशी समोरासमोर मांडायची. पक्षी कापायचे नाहीत. मांसावर गिधाडं उतरतात, म्हातारा ती हाकलत बसतो, एवढा बारकावा पण लिहिलाय. त्या काळी करार करायची ही पद्धत होती, तुकड्यांच्या मधून चालत जायचं, म्हणजे मी शब्द मोडला तर माझं पण असंच होवो. यिर्मया ३४ मध्ये ह्याच पद्धतीचा उल्लेख सापडतो.

आता बघ काय होतं. सूर्य मावळायला येतो आणि अब्रामाला गाढ झोप लागते. तो झोपलेला! आणि अंधार पडल्यावर धुमसती भट्टी आणि जळती मशाल त्या तुकड्यांच्या मधून जाते. अब्राम जात नाही. त्याला चालायला सांगितलंच नाही. म्हणजे शब्द मोडल्याचा शाप स्वतःवर घेतला तो एकट्या देवाने. ख्रिस्ती माणसं हाच धागा पुढे क्रुसापर्यंत नेतात, गलतीकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात येशूचा प्रेषित पौल लिहितो की नियमशास्त्राचा शाप ख्रिस्ताने आपल्यावर घेतला. तुला शापाची भीती घालतो त्या माणसाला गलती ३ काढून वाच म्हणावं.

तुझ्या मनात काय झालंय, करार आणि नवस एकात एक मिसळलेत. आणि ते साहजिक आहे गं, गोव्यात आपण सगळेच त्यात वाढतो, म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीच्या (मरिया मातेच्या) फेस्ताला तेल घेऊन जाणाऱ्यांत हिंदू पण असतात आणि ख्रिस्ती पण. नवसाची रीत सगळ्यांना कळते, देवा माझं एवढं काम कर मग मी तुझं एवढं करीन, आणि फेडला नाही तर काहीतरी होईल ही धाकधूक. मी नवस करणाऱ्यांना हसत नाही, त्यात पण माया असते. पण करार तो नव्हे. करारात देव आधीच देऊन बसलेला असतो. सीनाय पर्वतावर दहा आज्ञा दिल्या त्यांचं पहिलं वाक्य आज्ञा नाहीच, मी तुला मिसर देशातून, गुलामगिरीतून बाहेर आणलं, हे आधी येतं, आणि मग असं कर, तसं करू नको. आधी सोडवलं, मग शिकवलं. तुझ्या त्या करारपत्रात हा क्रम उलटा आहे, आधी तू कर, मग बघू.

मग आज्ञा पाळायच्या नाहीत का? असं मी अजिबात म्हणत नाही, नाहीतर उद्या कुणीतरी मला लिहील की काकू लोकांना सैल सोडतात. पौल म्हणतो माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो आणि पुरावा म्हणून अब्राहामाचं नाव घेतो. बायबलातलंच दुसरं पत्र लिहिणारा याकोब म्हणतो कर्माशिवाय विश्वास मेलेला आणि तो पण अब्राहामाचंच नाव घेतो. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरला याकोबाचं पत्र एवढं अडचणीचं वाटलं की १५२२ मध्ये त्याने त्याला पेंढ्याचं, म्हणजे कस नसलेलं, पत्र म्हटलं. पण दोघं कुठला अब्राहाम दाखवतात ते बघितलं तर भांडण पुष्कळसं मिटतं. पौल उचलतो तो तारे बघणारा अब्राम, उत्पत्ति १५ मधला, आणि पुढच्याच अध्यायात दासी हागारेपासून त्याला इश्माएल झाला तेव्हा तो शहाऐंशी वर्षांचा होता. याकोब उचलतो तो देवाच्या सांगण्यावरून मुलगा इसहाक याचा बळी द्यायला मोरियाच्या डोंगरावर चढणारा, उत्पत्ति २२ मधला, इसहाक झाला तेव्हाच तो शंभरचा होता आणि डोंगर चढताना पोरगा लाकडाची मोळी वाहण्याएवढा मोठा झालेला. म्हणजे विश्वास आणि त्या मोठ्या आज्ञापालनाच्या मध्ये निदान पंधरा वर्षं गेली, बहुतेक त्याहून बरीच जास्त. आणि ह्या वर्षांत अब्राहामाने काय काय केलं! हागारेचं प्रकरण केलं, देव मूल देईल याची वाट न बघता. गरार गावात जिवाच्या भीतीने बायकोला बहीण म्हणून सांगितलं, आणि हे तर दुसऱ्यांदा, आधी मिसरात तेच केलेलं. त्याने दशांशापेक्षा बरंच मोठं काहीतरी चुकवलं होतं. पण करार रद्द झाला असं कुठेही लिहिलेलं नाही. देव थांबला, परत बोलला, परत आठवण करून दिली, आणि हळूहळू हा माणूस ऐकायला शिकला.

तर तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते असं आहे की आज्ञा पाळणं हे देव आपला झाल्यावर आपल्याकडून निघणारं उत्तर आहे, देवाला आपला करून घ्यायची फी नाही. याच मुद्द्यावरून कॅथलिक आणि प्रोटेस्टंट शेकडो वर्षं भांडले, कॅथलिकांच्या ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये एक बाजू मांडली, ल्यूथरवाल्यांनी दुसरी, आणि ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीत ऑग्सबर्गला व्हॅटिकन आणि लुथरन वर्ल्ड फेडरेशन दोघांनी एकाच जाहीरनाम्यावर सह्या केल्या की तारण कृपेने मिळतं, आपल्या कमाईने नाही, आणि चांगली कामं त्यातून पुढे येतात. तेव्हा लादीन म्हणणारे तुझे शेजारी ह्या बाबतीत तुझ्यापासून वाटतात तेवढे लांब नाहीत.

नव्या कराराचं पण सांगते. प्रभुभोजनात आपण ऐकतो ना, हा प्याला माझ्या रक्तातला नवा करार. ते वाक्य लूक २२व्या अध्यायात आहे, आणि लगेच पुढच्या वचनात येशू म्हणतो की मला धरून देणाऱ्याचा हात ह्याच मेजावर आहे. त्याच रात्री त्याच्या शिष्याने, पेत्राने, मी ह्याला ओळखत नाही म्हणून तीनदा नाकारलं. कोण जाणार, कोण पळणार हे माहीत असताना त्याने त्याच माणसांबरोबर करार केला! तुझा करार तो आहे, तुझ्या बाप्तिस्म्यातला आणि प्रभुभोजनातला. ग्रुपच्या लेटरहेडवर सही केलीस तो एका संस्थेचा मेंबरशिप फॉर्म आहे आणि तो फाडला तर स्वर्गात कुठेही आवाज होणार नाही.

यिर्मया ३४ वर मी आत्ता सांगितलं त्याचं एक राहिलं. तिथे करार मोडला म्हणून देव खरोखर संतापलेला आहे. कशावरून? सिद्कीया राजाच्या वेळी श्रीमंतांनी देवासमोर करार करून आपल्या इब्री गुलामांना मोकळं केलं आणि मग पस्तावून त्याच लोकांना परत धरून आणलं. सुटलेल्या माणसाला परत बांधलं, हा करारभंग. आता ह्यात पास्टर कुठे उभे आणि तू कुठे उभी ते तूच ठरव.

आज्ञा पाळायची ती कुणाची, हा खरा प्रश्न मला वाटतो. तुला त्यांनी इब्री १३:१७ नक्की दाखवलं असणार, पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहा, सगळे दाखवतात. त्याच्याच बाजूला पेत्राचं पहिलं पत्र ठेव, पाचवा अध्याय, जिथे पुढाऱ्यांना बजावलंय की पैशाच्या लोभाने काम करू नका आणि तुमच्याकडे सोपवलेल्यांवर सत्ता गाजवू नका. आणि ह्या बाबतीत आपल्या मराठी ख्रिस्ती बायकांकडे तर घरचंच उदाहरण आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला झाला, लहानगी मुलगी मनोरमा बरोबर होती. परका देश, नवरा वारलेला, आसरा तिथल्या एका मठातल्या सिस्टर लोकांचा, आणि ज्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता, त्याच मागे लागलेल्या की चर्चची शिकवण आहे तशी मान, प्रश्न नको. १८८५ मध्ये रमाबाईंनी त्यांना लिहून कळवलं की भारतातल्या पुरोहितांचं जू मी मोठ्या कष्टाने मानेवरून काढलंय, आता लगेच तसलंच दुसरं जू घालून घ्यायची माझी तयारी नाही, आणि पाद्री सांगतील ते प्रत्येक वाक्य परात्पराची आज्ञा म्हणून मी घेणार नाही. हे एका विधवा बाईने, परावलंबी असताना. आणि ही बाई आज्ञा न पाळणारी होती का? दुष्काळातल्या अनाथ मुली गोळा करून केडगावला मुक्ती सदन उभं केलं, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणायचं काम १९२२ मध्ये मरेपर्यंत करत राहिली. तिच्यापेक्षा आज्ञाधारक माणूस मला तरी पटकन आठवत नाही, फक्त आज्ञा कुणाची पाळायची ते तिने दुसऱ्याला ठरवू दिलं नाही.

त्यामुळे ग्रुप सोडलास तर देवाला सोडलं असं होत नाही. तिथल्या बायकांशी तुझी मैत्री झाली असेल, ती तुटेल बहुतेक, काही जणी फोन बंद करतील, त्याचं वाईट वाटेल आणि वाटू दे. दुसरी मंडळी शोधताना दोन गोष्टी बघ, पैशाचा हिशोब सगळ्यांसमोर मांडतात का, आणि प्रश्न विचारलेला चालतो का. बाकी गाणी, बँड, एसी हॉल ह्याच्यावर जाऊ नको.

दशांशाचं थोडक्यात. द्यायचा तर खुशीने दे, करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या नवव्या अध्यायात पौल सांगतो की मनापासून, जुलमाने नाही. आणि मोशेच्या शास्त्रात दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातल्या लेवी (देवळाची सेवा करणारे), परदेशी, अनाथ आणि विधवांनी पोटभर खावं म्हणून गावातच ठेवायचा होता, अनुवाद १४ मध्ये आहे. दोन महिने पगार बंद राहिलेल्या घरातून, हॉस्पिटलच्या खाटेशेजारी उभं राहून सोनं उचलायचं, हे मला तरी त्यात कुठे सापडलं नाही.

नेवऱ्यांचं. पौलाला पण करिंथात हाच प्रश्न आला होता, मूर्तीपुढचं खायचं का, आणि तो म्हणतो कुणी जेवायला बोलावलं तर समोर वाढतील ते चौकशी न करता खा, पण हे नैवेद्याचं आहे असं कुणी मुद्दाम सांगितलं तर त्या सांगणाऱ्याच्या मनासाठी राहू दे. तेव्हा तुझं मन मानत नसेल तर नको खाऊस, कुणाची जबरदस्ती नाही. पण दार उघड गं. मुलगी ॲडमिट होती तेव्हा डबा कुणी आणला ते तू पत्रात लिहिलं नाहीस, पण वास्कोतले शेजारी मला माहीत आहेत. नाताळात कुस्वाडाचं ताट घेऊन तूच आधी जा वहिनींकडे, दोस-बेबिंका जमत नसेल तर नगरची शंकरपाळी कर, आणि त्या दिवशी दार उघडलं नाही हे सरळ सांगून टाक, त्यांना कळलेलंच असणार.

आणि पाटली. आधी त्या करारपत्राचा फोटो काढून ठेव, पाटलीचं बिल असेल तर ते शोध, मग पास्टरांना व्हॉट्सॲपवर लिहूनच कळव की अमुक तारखेला दिलेला दागिना मी घाबरलेल्या अवस्थेत दिला, तो परत हवाय. फोनवर बोलू नको, भेटायला एकटी जाऊ नको. परत दिली तर उत्तम. नाही दिली, किंवा तुझ्याकडून आणखी कशावर, स्टॅम्प पेपरवर वगैरे सही घेतलेली असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, १९८७ च्या कायद्याने बायकांना तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो.

पण त्याच्याही आधी मिस्टरांना सांग. मेसेज पाठवण्याआधी, ह्याच आठवड्यात. तुला वाटतंय ते चिडतील, आणि चिडतील पण, शिपवर असलेल्या माणसाला घरचं असं लांबून कळलं की आधी रागच येतो कारण दुसरं काही करता येत नाही. मुलगी झोपल्यावर व्हिडिओ कॉल लाव, पाटलीचं पहिल्याच वाक्यात सांग, मग करारपत्राचा फोटो पाठव आणि त्यांना वाचायला वेळ दे.